तुराट्यांचा कोळसा मुरवून शेतात: माळव्याच्या काळ्या जमिनीसाठी बायोचार आणि जीवाणू

फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर झोडून झाली की इंदूरच्या आसपासच्या बांधांवर तुराट्यांचे ढीग लागतात. निमाडकडे गेलात तर पऱ्हाट्यांचे. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत, खताच्या खड्ड्यात टाकल्या तर वर्षभर तशाच राहतात, आणि चुलीला लागून लागून किती लागणार? बायोचार, म्हणजे शेतात घालायचा काड्यांचा कोळसा, करायचा तो यांचाच. सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड, तण, पालापाचोळा यांना जाळायची काही गरज नाही. ते कुजतं, आणि जे कुजतं त्याचं खतच व्हायला हवं.

ही अडचण इथे जुनीच आहे. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत खताची ‘इंदूर पद्धत’ बसवली. तुराट्या-पऱ्हाट्यांसाठी त्यांनी केलेला उपाय असा: काड्या शेतरस्त्यांवर पसरायच्या, गाड्यांच्या चाकांखाली चेंगरू द्यायच्या आणि मग ढिगात घालायच्या. या लेखातली पद्धत त्याच ढिगाला धरून आहे. फरक इतकाच की कडक काडी चेंगरण्याऐवजी तिचा कोळसा करायचा आणि तो कोळसा त्या ढिगातच मुरवायचा.

‘मुरवायचा’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. कोळसा म्हणजे खत नव्हे. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी थांबतं, अन्नद्रव्यं चिकटतात, जीवाणूंना आसरा मिळतो. पण भट्टीतून निघालेल्या कोळशाची ही छिद्रं रिकामी असतात. तो तसाच मातीत गेला तर पिकाच्या वाट्याचा नत्र आधी स्वतः धरून ठेवतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडतं. ‘बायोचार टाकला आणि नुकसान झालं’ असं ज्यांच्या बाबतीत होतं, त्यांनी बहुतेक वेळा कोळसा कोराच टाकलेला असतो.

आधी आपली जमीन ओळखा

बायोचारबद्दल जे लिहिलेलं सापडतं, त्यातलं बरंचसं आम्ल, पावसाने धुपलेल्या, हलक्या जमिनींसाठी असतं. तिथे कोळशातली राख चुन्यासारखी काम करते आणि सामू (पीएच) वर आणते. माळव्याची काळी जमीन मुळात अल्कधर्मी आहे. सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान, आणि अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद चिकणमातीमुळे आधीच भरपूर. त्यामुळे तिकडचं हेक्टरी १०-२० टनांचं माप इथे आणू नका. राखेचा कोळसा जास्त पडला तर सामू आणखी चढतो, जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होतं, आणि कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी पडू लागतात.

मग काळ्या जमिनीत कोळशाचा उपयोग काय? एक, ओळीतली माती भुसभुशीत राहते, पावसाळ्यात मुळांशी हवा खेळते. दोन, सेंद्रिय कर्ब टिकतो. आपल्याकडच्या उन्हात शेणखत दोन-तीन वर्षांत विरून जातं. कोळशाचा कर्ब कित्येक दशकं राहतो. तीन, जीवाणूंना दोन पावसांमधल्या उघडिपीत तग धरायला जागा मिळते. एवढ्यासाठी कोळसा थोडाच लागतो, पण तो मुळांपाशी हवा आणि कमी राखेचा हवा.

काम सुरू करण्याआधी माती परीक्षण करून सामू, सेंद्रिय कर्ब आणि जस्त हे तीन आकडे हातात घ्या. सामू ८.५ च्या वर असेल तर कोळसा बाजूला ठेवून आधी निचरा आणि जिप्समचं बघा.

खड्डा

लोखंडी भट्टी विकत घ्यायची गरज नाही. कढईच्या आकाराचा खड्डा पुरतो: वरचा व्यास १.२ मीटर, तळाचा अर्धा मीटर, खोली ६० सेंटिमीटर, बाजू उतरत्या. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि त्या भेगांतून खालून हवा शिरते. ती शिरली की तळाचा कोळसा जळून राख होतो. म्हणून खड्डा आतून शेणमातीने लिंपून दोन दिवस वाळू द्या. हे लिंपण टाळणाऱ्याच्या हाती कोळसा निम्मा आणि राखच जास्त येते.

एका खड्ड्याला २५० ते ३०० किलो तुराट्या लागतात आणि वजनाच्या १५ ते २० टक्के, म्हणजे ५० किलोच्या आसपास कोरडा कोळसा मिळतो. काड्या हाताने मोडताना कडकन मोडायला हव्यात. वाकल्या तर अजून ओल आहे, आठवडाभर उन्हात टाका. अंगठ्यापेक्षा जाड बुडखे वेगळे काढा किंवा उभे चिरा. जाड लाकूड आतून कच्चं राहतं. प्लायवूड, रंग लावलेलं लाकूड, प्लास्टिकची सुतळी यातलं काहीही खड्ड्यात जाता कामा नये.

जागेचा आणि वेळेचा विचार नीट करा. मार्चमध्ये शेजारी गहू वाळून उभा असतो आणि एक ठिणगी पुरते. गहू निघाल्यानंतर, वस्ती आणि उभ्या पिकापासून लांब, चारही बाजूंनी पाच-सहा मीटर जागा खरडून, पहाटे वारा सुटायच्या आत काम उरका. नरवाई (कापणीनंतर उरलेली धसकटं) जाळण्यावर प्रशासनाची बंदी असते. खड्ड्यातला कोळसा ही वेगळी गोष्ट असली तरी लांबून दिसते ती आगच, म्हणून पंचायतीला आणि शेजारच्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. दोनशे लिटरचे पाण्याने भरलेले दोन ड्रम खड्ड्याशेजारी आल्याशिवाय काडी ओढू नका.

पेटवणं

तळाशी बारीक काटक्यांची चौकट रचा आणि वरून पेटवा. खालून पेटवलं तर धूर वर निघून जातो. वरून पेटवलं तर धुराला ज्योतीतून जावं लागतं आणि तो तिथेच जळतो. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. वर ज्योतीचा पडदा असला की हवेतला प्राणवायू तिथेच संपतो, खालच्या काड्यांना तो मिळत नाही, आणि त्या जळण्याऐवजी कोळसा होतात.

पहिला थर लाल झाला की दुसरा पातळ थर टाका. तो पेटून त्याच्या काड्यांवर राखेची पांढरी साय धरू लागली की तिसरा. ही पांढरी साय म्हणजे तुमचं घड्याळ. ती दिसायच्या आत थर टाकला तर ज्योत दबते आणि धूर निघतो. ती दिसूनही थांबलात तर कोळशाची राख होते. धूर आला तर घाई झाली किंवा काड्या ओल्या आहेत. अशा वेळी थांबा, ज्योत पुन्हा उभी राहू द्या. खड्डा भरायला दोन ते तीन तास लागतात, आणि तेवढा वेळ एका माणसाने तिथून हलायचं नाही.

शेवटचा थर अगदी बारीक काटक्यांचा घ्या. ज्योती बसून निळसर, बुटक्या झाल्या की पाणी. घाबरून शिंपडू नका, ओता. २०० ते २५० लिटर पाणी जातं. पहिल्या दोन-तीन बादल्यांना गरम वाफ जोरात वर येते, म्हणून तोंड बाजूला ठेवा. मग फावड्याने तळापर्यंत उलथून पुन्हा पाणी द्या. वाफ पूर्ण थांबली आणि तळाचा कोळसा हाताला गार लागला तरच विझला म्हणायचं. नुसती माती टाकून झाकलेला खड्डा रात्रभर आतून धुमसतो आणि सकाळी राख मिळते. ताजा कोळसा पहिले काही दिवस बंद खोलीत ठेवू नका. तो पुन्हा तापून पेट घेऊ शकतो.

कोळसा नीट झाला का?

एक तुकडा बोटांत चोळा. बोटं काळी होतील, पण नुसत्या पाण्याने धुतली जायला हवीत. तेलकट लागलं, साबण लागला, डांबरासारखा वास आला तर काडी कच्ची राहिली आहे. असे तुकडे पुढच्या खड्ड्यात परत घाला. चांगला कोळसा फरशीवर टाकला की खणखणतो.

मग सामू. १० ग्रॅम कोळशाची पूड १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास ठेवा आणि सामू पट्टी बुडवा. ९.५ च्या वर गेला तर कोळसा दोन पाण्यांनी धुवा. धुतलेलं पाणी शेतात सोडू नका, खताच्या ढिगावर ओता.

शंका असेल तर मेथी विचारा. दोन कुंड्या, एकीत नुसती माती, दुसरीत मातीत दहावा हिस्सा कोळसा, प्रत्येकी २० दाणे. आठवड्यात कोळशाच्या कुंडीत चार-पाच दाणे कमी उगवले तर त्या कोळशाला ढिगात जास्त दिवस ठेवायला हवं.

आता बारीक करणं. कोळसा ओला असतानाच गोणपाटात भरून वरून ट्रॅक्टरचं चाक फिरवा किंवा लाकडी ठोकळ्याने ठेचा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचा रवाळ माल हवा, पीठ नको. कोरडा कोळसा कुटू नका: काळी धूळ फुप्फुसात जाते, तोंडाला नुसता रुमाल बांधून ती अडत नाही. दोन खड्ड्यांच्या कोळशाचा बारीक केल्यावर साधारण ५०० लिटर माल होतो. पाव एकराला तेवढा पुरतो, आणि पहिल्या वर्षी पाव एकराच्या पुढे जाऊ नका.

मुरवणं: इंदूर पद्धतीच्या ढिगात

ढीग ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर उंच, सावलीत. खाली काटक्यांचं अंथरूण, म्हणजे तळाला हवा राहील. मग पाच थर. प्रत्येक थरात साधारण १५ सेंटिमीटर पालापाचोळा, सोयाबीनचा भुसा, तण आणि गोठ्यातलं खाली सांडलेलं काड. त्यावर सहा-सात घमेली कोळसा. त्यावर शेणाचा काला. आणि शेवटी गोठ्यातली मूत मुरलेली माती हाताने भुरभुरायची. ही गोठ्यातली माती सोडू नका. हॉवर्ड-वाडांच्या ढिगातही ती होती. मूत्रातला नत्र एरवी अमोनिया होऊन उडून जातो. इथे तो कोळशाला चिकटून राहतो. कोळसा घातलेल्या ढिगाला उग्र वास कमी येतो तो यामुळेच.

मूळ पद्धतीत लाकडाची राखही असते. कोळसा घालत असाल तर ती वगळा, अल्कता आधीच आली आहे.

ओल मुठीत तपासा: दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी गज खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला सहन होणार नाही इतका तापला पाहिजे. तापला नाही तर पाणी कमी पडलं आहे किंवा शेण. कोळसा सुरुवातीला पाणी खूप पितो, म्हणून पहिला आठवडा रोज बघा.

तीन वेळा उलथायचं: पहिल्यांदा दोन-अडीच आठवड्यांनी, पुन्हा महिना भरल्यावर, आणि शेवटचं दोन महिन्यांनी. दर वेळी बाहेरचं आत, आतलं बाहेर. साधारण तीन महिन्यांत ढीग निम्मा होतो, रंग काळा येतो आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास सुटतो. गहू निघाल्यावर मार्चअखेर रचलेला ढीग जूनअखेर तयार असतो, पेरणीच्या तोंडावर.

उशीर झाला असेल तर आखूड वाट आहे: बारीक कोळसा आणि चांगलं कुजलेलं शेणखत समान घमेली, वर जीवामृत, आणि ओल्या गोणपाटाखाली चार आठवडे, दर आठवड्याला उलथून. जीवामृताचं माप: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी १ ते २ किलो, बांधावरच्या झाडाखालची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस, रोज दोनदा काठीने ढवळून. चार आठवड्यांचे दोन करू नका.

जीवाणू कधी आणि कोणते

ढिगाचं पोट ५५-६० अंशांपर्यंत जातं. पहिल्या दिवशी टाकलेलं संवर्धक त्यात शिजून जातं. म्हणून विकतचे जीवाणू शेवटच्या उलथणीनंतर, ढीग पूर्ण गार झाल्यावर आणि शेतात नेण्याच्या १५ दिवस आधी मिसळा. वर सांगितलेल्या ढिगाला हवेतला नत्र बांधणारे अझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जीवाणू आणि ट्रायकोडर्मा (ही मात्र उपयोगी बुरशी) प्रत्येकी १ किलो भुकटी, किंवा द्रवरूप असल्यास प्रत्येकी २५० मिलिलिटर. आठ-दहा लिटर गुळाच्या पाण्यात कालवून शिंपडा. पाणी विहिरीचं घ्या. शहरात नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते उघड्या बादलीत २४ तास ठेवून मगच वापरा.

पाकिटावर तीन गोष्टी वाचा: जीवाणूचं नाव, अंतिम तारीख आणि संख्या. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात. दुकानाच्या दारात उन्हात मांडलेलं पाकीट तारीख शिल्लक असली तरी घेऊ नका.

रायझोबियम, म्हणजे सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून नत्र बांधणारे जीवाणू, ढिगात घालायचं नाही, ते बियाण्याला लावायचं. आणि ते पिकागणिक वेगळं असतं. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. एकाचं दुसऱ्याला चालत नाही, पाकिटावर पिकाचं नाव हवंच. किलोमागे ५ ग्रॅम, उकळून गार केलेल्या गुळाच्या पाण्यात (लिटरला १०० ग्रॅम गूळ). पाव एकराच्या ७ किलो सोयाबीनला १५० मिलिलिटर पाणी पुरे. सोयाबीनचं साल नाजूक असतं. जास्त भिजलं किंवा हाताने चोळलं की सुटतं आणि उगवण घटते. ताडपत्रीवर हलकेच खालीवर करा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, रायझोबियम सगळ्यात शेवटी. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याजवळ ट्रायकोडर्मा टिकत नाही, दोन्हींवर पैसे घालू नका.

मायकोरायझाचं गणित आणखी वेगळं. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे ढिगात किंवा जीवामृतात घालून ती ‘वाढवता’ येत नाही. रोप लावताना मुळाला चिकटेल अशी द्यावी लागते. कांद्या-लसणाला तिचा चांगला उपयोग होतो, कारण त्यांना बारीक केसमुळं फारशी नसतात. कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा यांच्यावर खर्च करू नका; या कुळाच्या मुळांशी ती जुळतच नाही.

शेतात

पहिल्या पावसानंतर वापसा आला की. चिखलात काळ्या जमिनीवर पाऊलही नको. एकदा ढेकळं बसली की कोळसा काय आणि खत काय, मुळांपर्यंत पोचत नाही. ४५ सेंटिमीटरच्या ओळींत पाव एकरात साधारण सव्वादोन हजार मीटर काकरी होते. मीटरमागे मोठी ओंजळभर मुरलेलं खत काकरीत ५ ते ८ सेंटिमीटर खोल जाऊ द्या, वर माती, त्यावर बी. उरलेलं खत वखराच्या शेवटच्या पाळीला पसरा. पृष्ठभागावर उघडा राहिलेला कोळसा हलका असतो. जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत तो शेजारच्या नाल्यात जातो.

तणनाशकाची काळजी घ्या. उगवणीपूर्वी फवारायची तणनाशकं कोळसा शोषून घेतो, त्यामुळे त्या पट्ट्यात तण जास्त दिसू शकतं. मात्रा वाढवू नका, त्या पाव एकरात एक कोळपणी जास्त धरा.

तीन आठवड्यांनी खालची पानं सरसकट पिवळी दिसली तर कोळसा नीट मुरला नव्हता आणि नत्र अडकला आहे. २ टक्के युरियाची फवारणी करा आणि आठ दिवसांनी जमिनीतून जीवामृत द्या. वरची कोवळी पानं शिरांमधे पिवळी असतील तर तो जस्त-लोहाचा प्रश्न आहे, युरियाने सुटत नाही.

घरच्या वाफ्यांसाठी शहरात खड्डा पेटवू नका, शेजाऱ्यांना धूर आणि तुम्हाला भांडण. तंदूरसाठी मिळणारा लाकडी कोळसा भिजवून ठेचा. दगडी कोळसा किंवा साच्यात दाबलेल्या विटा नकोत. गांडूळखतात समान मापाने मिसळून चार आठवडे मुरवा. वाफ्याला चौरस मीटरमागे १ किलो, कुंडीत मातीच्या दहाव्या हिश्शापर्यंत. त्यापुढे कुंडी पटापट सुकते.

शेतात दोन ओळी कोळशाशिवाय सोडा, पण शेणखत आणि रायझोबियम त्यांनाही द्या, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. ४० व्या दिवशी दोन्हीकडून दहा-दहा झाडं कुदळीने मातीसकट काढा. उपटलीत तर गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात धुऊन गाठी मोजा आणि काही नखाने फोडून बघा. आतून गुलाबी असतील तर नत्र बांधला जातो आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर गाठी आहेत पण काम करत नाहीत.

कोळशाच्या ओळींच्या टोकांना लोखंडी खुंट्या ठोकून ठेवा. पुढच्या वर्षी कोळसा त्या पाव एकरात पुन्हा घालायचा नाही, शेजारच्या पाव एकरात न्यायचा. शेणखत आणि बियाण्याला रायझोबियम मात्र दोन्हीकडे, दरवर्षी.